अपत्यप्राप्ति आणि पुरुषाचें आरोग्य

"लग्नाला चार वर्षें झालीं, अजून घरांत पाळणा हालला नाहीं," हें वाक्य ज्या घरांत उच्चारलें जातें, त्या घरांत तें कोणाला उद्देशून असतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. नवस-सायासांपासून सोनोग्राफीपर्यंत सर्व उपायांचा ओघ त्या घरच्या सुनेकडे वळतो. मुलगा मात्र कचेरींत जातो, वेळेवर जेवतो, अंगापिंडानें धडधाकट दिसतो. त्यामुळें त्याच्या ठायीं कांहीं न्यून असेल अशी शंका कोणाच्या मनाला शिवत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हांस या शंकेलाच वाट करून द्यावयाची आहे. विषय नाजूक आहे खरा. परंतु जें मासिक सासू, सून, मुलगा आणि सासरे असें सारेंच घर वाचतें, त्यांतच तो निघणें इष्ट. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून अशा विषयांवर मराठींत उघडपणें लिहिण्यास प्रारंभ केला. त्यांचीं सर्व मतें ज्यांस मान्य नाहींत त्यांनींही एवढें मानावयास हरकत नाहीं कीं, शरीराविषयीं जें सत्य आहे तें सभ्य भाषेंत सांगतां येतें आणि न सांगितल्यानें तें नाहींसें होत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील प्रौढ माणसांपैकीं शेंकडा सुमारें १७.५ जणांस, म्हणजे दर ६ जणांत एकास, आयुष्यांत केव्हां ना केव्हां वंध्यत्वाची अडचण येते. अशा जोडप्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांच्या बाबतींत कारणाचा सगळा किंवा कांहीं भाग पुरुषाकडे असतो. असें असतां केवळ स्त्रीचीच तपासणी करीत राहणें म्हणजे हिशेबाच्या वहीचें एकच पान पुनःपुन्हां चाळून तूट शोधण्यासारखें आहे.

कोणी म्हणेल, ही पाश्चात्त्यांची नवी टूम आहे. तसें मुळींच नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांतील दुसऱ्या अध्यायांत शुक्र आणि आर्तव या दोहोंच्या दोषांचा विचार एकत्रच केला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत ज्या अध्यायांत स्त्रियांचे रोग सांगितले, त्याच अध्यायांत वीर्याचे आठ दोषही सांगितले आहेत. 'रघुवंशा'चा आरंभ तर ज्यांनीं शाळेंत संस्कृत घेतलें त्या सर्वांस ठाऊक आहे. दिलीप राजा निपुत्रिक होता म्हणून तो सुदक्षिणेसह वसिष्ठांच्या आश्रमांत गेला. वसिष्ठांनीं जें कारण सांगितलें तें राजाच्याच हातून घडलेल्या प्रमादाचें होतें, आणि नंदिनी धेनूच्या मागें एकवीस दिवस रानांत हिंडण्याचें व्रतही राजाच्याच वांट्याला आलें. कथेचा हा भाग आपण पाठ केला आणि आचरणांत नेमका विसरलों.

आतां पुरुषाच्या बाजूनें दोष उत्पन्न होतो तो कसा, हें पाहूं. अनेक कारणांपैकीं एकाचा शोध गेल्या कांहीं दशकांत विशेष बारकाईनें लागला आहे. इंग्रजींत त्यास ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. प्राणवायूपासून उत्पन्न होणाऱ्या उग्र द्रव्यांचा पेशींवर पडणारा ताण, असा त्याचा अर्थ. तो समजण्यासाठीं प्रथम शुक्रजंतूची रचना ध्यानांत घेतली पाहिजे.

डेल्फ्ट येथील लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानें स्वतः घांसलेल्या भिंगांतून १६७७ सालीं हे जंतु पाहिले आणि तें वृत्त लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. मनुष्याच्या शुक्रजंतूची लांबी एका मिलिमीटरच्या सुमारें विसाव्या भागाएवढी. त्याच्या डोक्यांत पित्याकडून अपत्यास मिळावयाचीं २३ रंगसूत्रें गच्च बांधलेलीं असतात; मधल्या भागांत शक्ति उत्पन्न करणारी यंत्रसामग्री, आणि मागें वळवळणारें शेपूट. प्रवास लांबचा असल्यामुळें निसर्गानें त्याला जवळजवळ कांहींच सामान दिलेलें नाहीं. इतर पेशींमध्यें जो जीवरस असतो व त्यांत जीं संरक्षक द्रव्यें असतात, तीं बहुतेक सारीं या जंतूच्या घडणीच्या अखेरीस काढून टाकलेलीं असतात. डोक्यांतील रंगसूत्रांस इजा झाली तर ती दुरुस्त करण्याचें सामर्थ्यही त्याच्यांत फारसें उरत नाहीं. शिवाय त्याचें बाह्य आवरण एका विशिष्ट प्रकारच्या स्निग्ध द्रव्यांनीं भरलेलें असतें. या द्रव्यांमुळें तें आवरण लवचीक राहतें, परंतु तींच द्रव्यें प्राणवायूच्या माऱ्यापुढें सर्वांत आधीं बिघडतात.

हा बिघाड कशा जातीचा असतो, हें आमच्या भगिनींस आम्हांपेक्षां अधिक ठाऊक आहे. खोबरें, शेंगदाण्याचा कूट किंवा तेल फार दिवस उघडें राहिलें, ऊन लागलें, कीं तें खवट होतें. हवेंतील प्राणवायु स्निग्ध द्रव्याशीं संयोग पावतो आणि एका कणाचा बिघाड शेजारच्या कणास लागत जातो. बरणीचें झांकण घट्ट लावून ती थंड, अंधाऱ्या फळीवर ठेवणारी गृहिणी रसायनशास्त्राचा एक नियमच पाळीत असते. शुक्रजंतूच्या आवरणांत होणारी विक्रिया याच जातीची आहे. आवरण बिघडलें कीं त्याची लवचीकता जाते, जंतूची गति मंदावते, आणि स्त्रीबीजाशीं एकरूप होण्याचें त्याचें सामर्थ्य कमी होतें.

ज्या प्राणवायूवांचून आपण कांहीं मिनिटेंही जगूं शकत नाहीं तोच घातक कसा, असा प्रश्न साहजिक आहे. शरीरांत अन्नाचें ज्वलन होऊन शक्ति निर्माण होतांना प्राणवायूचा थोडासा अंश नीट जळत नाहीं. चुलींतून जशा ठिणग्या उडाव्या, तशीं कांहीं अतिचंचल द्रव्यें त्यांतून उत्पन्न होतात. यांतील कांहींना 'फ्री रॅडिकल' हें नांव आहे. या ठिणग्या विझविणारीं द्रव्यें शरीरांत असतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. वीर्याच्या द्रवांत क जीवनसत्त्व, यूरिक आम्ल आणि कॅटलेजसारखीं विकरें असतात, तीं हेंच काम करतात. ठिणग्या आणि पाणी यांचें प्रमाण राखलें गेलें तोंवर भय नाहीं. ठिणग्या वाढल्या किंवा पाणी आटलें कीं ताण उत्पन्न होतो.

शुक्रजंतूंच्या बाबतींत याचा पहिला स्पष्ट पुरावा न्यूयॉर्क येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयांतील जॉन मॅक्लाउड यांनीं १९४३ सालीं प्रसिद्ध केला. अधिक प्राणवायूंत ठेवलेल्या जंतूंची हालचाल लवकर मंदावते, आणि तेथें कॅटलेज घातलें तर ती टिकून राहते, असें त्यांस आढळलें. प्राणवायूपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन तें जंतूंस मारक होतें, हा त्याचा अर्थ. पुढें १९७९ सालीं थॅडिअस मान व त्यांचे सहकारी यांनीं आवरणांतील स्निग्ध द्रव्यांची नासाडी कशी होते हें दाखविलें; आणि १९८७ च्या सुमारास एडिंबरो येथें जॉन एटकेन यांनीं, सदोष जंतु स्वतःच हीं उग्र द्रव्यें प्रमाणाबाहेर निर्माण करतात, असें सिद्ध केलें. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मॉंट्रियल येथील संशोधकांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. तीं द्रव्यें अगदीं अल्प प्रमाणांत असणें आवश्यकच आहे, कारण त्यांच्यावांचून जंतूला फलधारणेची अंतिम पात्रता येत नाहीं. म्हणजे ही गोष्ट आमटींतील मिठासारखी आहे: चिमूटभर हवें, मूठभर नको.

दुसरी हानि याहून गंभीर आहे. उग्र द्रव्यें डोक्यांतील रंगसूत्रांपर्यंत पोंचून त्यांतील डीएनए नांवाचा आनुवंशिक धागा जागोजागीं तोडतात. असा जंतु कधीं कधीं वरून निरोगी दिसतो, पोहतोही नीट. स्त्रीबीजांत अशी इजा दुरुस्त करण्याची कांहीं शक्ति असते, परंतु ती अमर्याद नाहीं, व स्त्रीच्या वाढत्या वयाबरोबर ती कमी होते. पुनःपुन्हां गर्भपात होणाऱ्या जोडप्यांत पतीच्या जंतूंतील डीएनएची मोडतोड अधिक आढळते, असें अनेक अभ्यासांत दिसून आलें आहे. ज्या घरांत "हिच्या अंगीं गर्भ राहत नाहीं" असें म्हणून सुनेला दोष दिला जातो, त्या घरानें हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें.

या ठिणग्या वाढतात कशानें? पहिला क्रमांक तंबाखूचा. विडी, सिगारेट यांच्या धुरांत उग्र द्रव्यें प्रत्यक्षच असतात, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या वीर्यांत संरक्षक द्रव्यें कमी व डीएनएची इजा अधिक आढळते. तंबाखू चघळणारा मनुष्यही यांतून सुटलेला नाहीं. दुसरें कारण उष्णता. वृषण शरीराबाहेर राखण्यांत निसर्गाचा हेतु हाच कीं, त्यांचें तपमान शरीराहून २ ते ४ अंशांनीं कमी राहावें. भट्टीजवळचें काम, तासन्‌तास एका जागीं बसून गाडी हांकणें, मांडीवर संगणक घेऊन बसणें, अतिघट्ट वस्त्रें, यांमुळें तें वाढतें. तिसरें, मूत्रमार्ग व जननेंद्रियें यांतील जुना, न बरा केलेला संसर्ग. अशा वेळीं जंतुसंसर्गाशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच वीर्यांत उग्र द्रव्यें सोडतात. याखेरीज लठ्ठपणा, मधुमेह, मद्यपान, वायुप्रदूषण, कीटकनाशकांशीं वारंवार संपर्क आणि वाढतें वय हींही कारणें आहेत.

एका कारणाचा स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे, कारण तें डॉक्टरांच्या हाताला लागतें आणि बहुधा शस्त्रक्रियेनें दूर करतां येतें. वृषणांतून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगून त्यांचा गुंता होतो, यास व्हेरिकोसील म्हणतात. हा विकार बहुधा डाव्या बाजूस होतो. एकंदर पुरुषांत शेंकडा सुमारें १५ जणांत तो असतो. परंतु ज्यांस पहिलेंच अपत्य होत नाहीं अशा पुरुषांत त्याचें प्रमाण शेंकडा ३५ ते ४० पर्यंत जातें. रक्त तुंबल्यामुळें उष्णता वाढते आणि तीबरोबर उग्र द्रव्येंही. दुखत कांहींच नाहीं म्हणून मनुष्यास पत्ताही नसतो. ज्यांस हा विकार आहे त्या सर्वांसच अपत्य होत नाहीं असें मात्र नव्हे. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय तज्ज्ञानेंच करावा.

आमच्या परिचयांतील एका सुशिक्षित घरांत सुनेनें आठ वर्षें उपचार सोसले. तिच्या तपासण्यांचे कागद एका पेटींत मावेनात. अखेर एका वृद्ध डॉक्टरीणबाईंनीं ते कागद बाजूला सारून विचारलें, "यजमानांचा कागद कोठें आहे?" तो नव्हताच. "मला काय झालें आहे?" असें म्हणत यजमान महिनाभर गेले नाहींत, शेवटीं त्यांच्या वडिलांनीं त्यांस हाताला धरून नेलें. तपासणी दोन दिवसांत झाली, दोष दिसला, आणि तो वरील शिरांचाच निघाला. पुढें उपचारांचें काय झालें हा त्या घरचा खासगी प्रश्न आहे. आम्हांस बोचते ती एवढीच गोष्ट कीं, दोन दिवसांच्या कामास आठ वर्षें लागलीं; आणि हीं आठ वर्षें त्या मुलीच्या वयांतून गेलीं, जीं कोणाही डॉक्टरास परत देतां येत नाहींत.

आतां उपायांविषयीं. ठिणग्या विझविणारीं द्रव्यें कमी पडतात, तर तीं बाटलींतून घ्यावीं, असा तर्क कोणासही सुचेल, व औषधांच्या दुकानांत अशा गोळ्यांना तोटा नाहीं. परंतु तर्क आणि अनुभव यांत अंतर असतें. क जीवनसत्त्वाची खरीच उणीव झाली तर हानि होते, हें कॅलिफोर्नियांतील ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेनें १९९१ सालीं दाखविलें. आहारांतील क जीवनसत्त्व रोज २५० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणतांच वीर्यांतील त्याचें प्रमाण निम्मे झालें आणि शुक्रजंतूंच्या डीएनएची इजा जवळजवळ दुप्पट झाली. यावरून पेरू, आंवळा, लिंबू, हिरव्या भाज्या रोजच्या जेवणांत असाव्या हें ठरतें. पण ज्याचें पोट भरलें आहे त्याला आणखी वाढल्यानें लाभ होतोच असें नाहीं. अमेरिकेंत २३७० जोडप्यांवर जस्त आणि फॉलिक आम्ल यांचा मोठा प्रयोग झाला. त्याचा निकाल २०२० सालीं प्रसिद्ध झाला. औषध घेतलेल्यांपैकीं शेंकडा ३४ जोडप्यांस मूल झालें, आणि नुसती निर्गुण गोळी घेतलेल्यांपैकीं शेंकडा ३५ जोडप्यांस! उलट औषध घेणाऱ्यांत पोटाच्या तक्रारी अधिक आढळल्या. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत अनेक अँटिऑक्सिडंट एकत्र देऊनही वीर्याच्या गुणांत सुधारणा दिसली नाहीं. अनेक लहान प्रयोगांचा एकत्र विचार करणाऱ्या कॉक्रेन संस्थेनें २०२२ सालीं, कांहीं लाभ कदाचित् होत असेल परंतु पुरावा दुर्बळ आहे, असा सावध अभिप्राय दिला. सबब जाहिरातींवर विसंबून महिनोन्‌महिने बाटल्या रिचविणें म्हणजे पैशाबरोबर अमूल्य काळ गमावणें होय. 'शक्ति' यावी म्हणून पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन टोंचून घेणारे तरुण तर उलटच परिणाम ओढवून घेतात. बाहेरून तें संप्रेरक मिळालें कीं शरीर शुक्रजंतूंची निर्मितीच आवरतें घेतें.

खरा उपाय ठिणग्यांचें मूळ कमी करणें हा आहे, आणि तो बव्हंशीं बिनखर्चाचा आहे. तंबाखू सर्व रूपांत सोडावी, मद्य टाळावें, वजन व रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवावी, उष्णता टाळावी, संसर्ग असल्यास पूर्ण उपचार घ्यावा. येथें एक हिशेब ध्यानांत ठेवावा. नवा शुक्रजंतु घडण्यास सुमारें ७४ दिवस लागतात, आणि पक्व होऊन बाहेर पडण्यास आणखी एक-दोन आठवडे. म्हणून आज सोडलेल्या विडीचें फळ तीन महिन्यांनीं दिसावयाचें. पंधरा दिवसांत कांहीं फरक नाहीं म्हणून व्रत मोडणारा मनुष्य पेरणी करून चौथ्या दिवशीं कापणीला निघालेला समजावा.

तपासणी केव्हां व कशी करावी? वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा झाली नाहीं, किंवा पत्नीचें वय ३५ वर्षें वा अधिक असून सहा महिने लोटले, तर पति व पत्नी या दोघांनीं एकाच वेळीं तपासणी करून घ्यावी. अमेरिकेंतील तज्ज्ञसंस्थांनीं २०२० सालीं दिलेल्या मार्गदर्शनांतही हेंच सांगितलें आहे. पुरुषाची वीर्यतपासणी साधी व वेदनारहित असते. तिच्यापूर्वीं दोन ते सात दिवस संयम पाळावा लागतो. एका निकालावर भरंवसा न ठेवतां दोष आढळल्यास ती पुन्हां करावी, आणि तज्ज्ञाकडून शरीराचीही तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेंत एका मिलिलिटर वीर्यांत १ कोटी ६० लक्ष जंतु ही खालची मर्यादा दिली आहे. ही मात्र शाळेंतील उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेषा नव्हे. तिच्या खालच्यांसही मुलें होतात, वरच्यांसही होत नाहींत. उग्र द्रव्यें मोजण्याची परीक्षा त्याच पुस्तिकेनें नित्याच्या तपासण्यांत घातलेली नाहीं, तेव्हां कोणी आरंभींच ती महागडी परीक्षा सुचविली तर "हिच्यावरून उपचारांत काय बदलेल?" असें विचारून घ्यावें.

शेवटीं दोन शब्द घरांतील वडील मंडळींस. मुलगा तपासणीला जात नाहीं याचें कारण बहुधा भय असतें: दोष निघाला तर आपलें पुरुषत्व गेलें, असें त्यास वाटतें. तें अज्ञान आहे. ज्याच्या वीर्यांत दोष आहे त्याचें बळ, त्याचा संसार, त्याची कर्तबगारी यांत कांहींएक उणें नसतें. डोळ्यांस चष्मा लागणाऱ्यास आपण अपुरुष म्हणत नाहीं. हें त्यास आई-वडिलांनींच सांगितलें पाहिजे, आणि सुनेसमक्ष सांगितलें पाहिजे. सर्व उपाय करूनही कांहीं घरांत मूल होत नाहीं, हेंही खरें. मग दत्तक घेणें किंवा दोघांनींच सुखानें राहणें, हा निर्णय त्या दोघांचा. परंतु तो निर्णय सत्य जाणून घेतलेला असावा, एकीवर अन्याय करून घेतलेला नसावा. ज्या घरांत हा लेख वाचला जाईल व ज्या घरांत असा प्रश्न असेल, तेथें पुढल्या वेळीं डॉक्टरांकडे जातांना एका माणसाऐवजीं दोघांचीं नांवें नोंदविलीं जावींत, एवढीच आमची विनंती आहे.